बाबासाहेबांचा फोटो ब्लर करा म्हणे!

आमच्या २२ मिनिटांच्या माहितीपटावर ११ आक्षेपांची एक यादी आली. पाठवणारा होता एका वाहिनीचा कायदा विभाग. वाहिनीचे नाव इथे घेत नाही, कारण भांडण त्या एका वाहिनीपुरते नाही. यादीतली पहिलीच नोंद अशी होती : मागच्या भिंतीवर छायाचित्र दिसते, हक्कधारकाची परवानगी जोडलेली नाही, सबब ब्लर करावे.

मागच्या भिंतीवरचे छायाचित्र म्हणजे बाबासाहेब. शेजारी रमाई, आणि थोडे खाली तथागतांचे चित्र असलेले कॅलेंडर.

माहितीपट नामांतराच्या लढ्यातल्या तीन आज्यांवर आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत खेड्यापाड्यांत काय काय जळाले ते नेत्यांच्या भाषणांत आहे, पुस्तकांत आहे. ज्यांची घरे जळाली त्या बायांच्या तोंडून ते फार कमी वेळा नोंदवले गेले, म्हणून आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून हा उद्योग केला. पहिली आजी ज्या भिंतीखाली बसून बोलते तिथे आधी दुसरा फोटो होता. तिच्या सासऱ्यांनी आणलेला. तो घरासोबत जळाला. आता आहे तो नंतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणलेला. हे सगळे ती त्या फोटोकडे मान वळवून सांगते. आणि आम्हाला सांगण्यात आले की तिने मान वळवली की तिथे एक धुरकट चौकोन दिसू द्या.

पहिल्या रात्री आमचा संताप काय सांगावा! एकाने तर पोस्ट लिहूनही ठेवली होती. तिच्यात मनुवाद होता, ब्राह्मणी माध्यमे होती, सगळा दारूगोळा होता. त्यात एक मुद्दा खराच बिनतोड होता. माहितीपटात एक किराणा दुकान आहे आणि दुकानदाराच्या डोक्यावर लक्ष्मीचे चकचकीत कॅलेंडर आहे. ते पूर्ण चौकटीत दिसते. यादीत ते नव्हते.

पण आमच्यात एक जण एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "पोस्ट टाकू नका. आधी कायदा वाचू. लक्ष्मीचं म्हणाल तर ते उत्तर देतील की चित्र जुनं असेल. राजा रविवर्मा १९०६ ला वारले, त्यांच्या चित्रांवर आता कोणाचाच हक्क नाही." आम्ही म्हणालो, ते कॅलेंडर कुठे रविवर्म्याचे आहे, ते तर मागच्या वर्षी सिमेंटवाल्याने वाटलेले. तो म्हणाला, "तेही विचारू, पण शेवटी." (शेवटी विचारलेच. "नजरचुकीने राहून गेले" असे उत्तर आले. नजर कोणाच्या बाबतीत चुकते आणि कोणाच्या बाबतीत चुकत नाही यावर आम्ही स्वतंत्र लिहू.)

तर मित्रहो, कायदा. कॉपीराइट अधिनियम १९५७ चे कलम ५२ हे अपवादांचे कलम आहे. काय केले तर हक्कभंग होत नाही, ते तिथे सांगितले आहे. त्यातल्या (१) (यू) या खंडाचा आशय असा : चित्रपटात एखादी कलाकृती दिसली, आणि ती सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना प्रवेश असलेल्या जागेत कायमची असेल, तर हक्कभंग नाही. दुसरी कोणतीही कलाकृती दिसली, पण ती केवळ पार्श्वभूमी म्हणून किंवा मुख्य विषयाच्या ओघात आनुषंगिक म्हणून आली असेल, तरीही हक्कभंग नाही. चौकातला पुतळा पहिल्या भागात बसतो, आजीच्या घरातला फोटो दुसऱ्या.

आम्हाला आधी वाटले, "चित्रपट" म्हणजे थेटरात लागतो तो, आमचे मोबाईलवरचे चित्रीकरण त्यात कसले धरतात! पण कायद्याच्या व्याख्येत दृश्याचे कोणतेही मुद्रण येते. मोबाईलवर काढलेला मोर्चाचा व्हिडिओसुद्धा. आणि "कलाकृती"ची व्याख्या तर वाचून आम्ही खूश झालो. चित्र, शिल्प, रेखाटन, छायाचित्र, आणि पुढे म्हटले आहे, त्यात कलात्मक गुण असो वा नसो. म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरीत टांगलेले तैलचित्र आणि आमच्या समाजमंदिरावरचे पेंटरने काढलेले चित्र, कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच पंगतीत. समीक्षकांच्या लेखी कधी होईल तेव्हा होवो.

म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता. पत्र लिहायला बसलो आणि तिथेच आमच्यात जुंपली.

पत्रात लिहायचे होते की बाबासाहेबांचा फोटो "केवळ पार्श्वभूमी" म्हणून आला आहे. कॅमेरा धरणारी आमची मैत्रीण म्हणाली, "मी हे लिहू देणार नाही. ते खोटं आहे." तिचे म्हणणे असे की आजीचे डोके चौकटीच्या मध्यात ठेवले असते तर फोटो अर्धा कापला जात होता, म्हणून तिने मुद्दाम ट्रायपॉड मागे घेतला. फोटो दिसावा म्हणून. मग ही पार्श्वभूमी कशी? आणि ज्यांच्यामुळे आजी आज कॅमेऱ्यासमोर बसून बोलते आहे, ते बाबासाहेब तिच्या आयुष्याची पार्श्वभूमी? आनुषंगिक?

हा प्रश्न भावनिक नाही, कायद्याचाही आहे. इंग्लंडमध्ये २००३ साली फुटबॉल खेळाडूंच्या स्टिकरांचा एक खटला झाला. स्टिकर छापणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते की खेळाडूच्या सदऱ्यावर क्लबचे बोधचिन्ह आहे, ते आपोआप फोटोत आले, त्याला आम्ही काय करणार? अपील न्यायालयाने विचारले, ते बोधचिन्ह या चित्रात का आहे? खेळाडू आपल्या संघाच्या खऱ्या पोशाखात दिसला नाही तर स्टिकर कोण विकत घेईल? म्हणजे ते आनुषंगिक नाही. ही कसोटी आमच्या फोटोला लावली तर? आजी बाबासाहेबांच्या फोटोखाली दिसली नाही तर माहितीपटाला अर्थ काय?

'फँड्री' आठवा. डुक्कर खांद्यावरून वाहून नेणारे ते कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जाते आणि भिंतीवर बाबासाहेब आणि इतर महामानव रंगवलेले आहेत. ती भिंत पार्श्वभूमी आहे? कॅमेऱ्याच्या हिशेबाने आहे. पण ती भिंत काढून घ्या आणि मग पाहा त्या दृश्याचे काय उरते.

आमचा एलएलबीवाला दोन दिवस यावर डोके खाजवत होता. मग त्याने असे मांडले : आपल्या कायद्यात दोन शब्द आहेत आणि मध्ये "किंवा" आहे. पार्श्वभूमी किंवा आनुषंगिक. पार्श्वभूमी हा जागेचा शब्द आहे, किमतीचा नाही. चौकटीत माणूस पुढे, भिंत मागे, मुख्य विषय आजीची साक्ष. फोटोचे महत्त्व किती हे कायदा इथे विचारत नाही. तो फोटो आपण आणून टांगला नाही, तो आजीच्या घरात होताच. मैत्रिणीचे पूर्ण समाधान झाले नाही. पण तिने एक वाक्य पत्रात घालून घेतले, की हे छायाचित्र या घराचे अविभाज्य अंग असून ते झाकणे म्हणजे साक्षीदाराची ओळख झाकणे होय. वकिली पत्रात असे वाक्य बसते की नाही माहीत नाही. आम्ही ठेवले.

कारण झाकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. वर्षानुवर्षे मराठी सिनेमात आणि मालिकांत घरे दिसली, देव्हारे दिसले, तुळशीवृंदावने दिसली. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे असे घर किती वेळा दिसले? तेव्हा ब्लर करायची गरज नव्हती, कारण कॅमेरा त्या घरात शिरतच नव्हता. आता आमची पोरे स्वतःचा कॅमेरा घेऊन शिरली, तर कॉपीराइटचा बागुलबुवा पुढे आला. आम्ही असे म्हणत नाही की वाहिनीच्या वकिलाने जात बघून खुणा केल्या. त्याने बहुधा घाबरून केल्या. परंतु घाबरून केलेल्या खुणांनीही भिंत कोरी होतेच.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे, आम्ही पीडित आणि अपवाद आमचे हत्यार. पण हे हत्यार दुधारी आहे. ते आम्हाला एका काळ्या चित्रकर्तीने शिकवले.

फेथ रिंगगोल्ड. जन्म १९३०, न्यूयॉर्कमधील हार्लेम. कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीवर चित्र आणि मजकूर असे त्यांचे काम. आपल्या आज्यांना गोधडी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. त्यांनी १९८८ साली चर्चच्या वनभोजनाची एक गोधडी केली. अटलांटाच्या हाय म्युझियमने तिचे पोस्टर छापून विकायला ठेवले. पुढे 'रॉक' नावाच्या एका विनोदी मालिकेत, काळ्या कुटुंबावरच्याच मालिकेत, चर्चच्या प्रसंगात ते पोस्टर भिंतीवर शोभेसाठी लावले गेले. रिंगगोल्डना कोणी विचारले नाही. त्यांनी ते टीव्हीवर पाहिले आणि खटला भरला. पोस्टर नऊ वेळा दिसले होते, दर वेळी दोन ते चार सेकंद, सगळे मिळून २६.७५ सेकंद. खालच्या न्यायालयाने म्हटले, यात हक्कभंग नाही. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्या कामासाठी पोस्टर असते, म्हणजे भिंत सजवणे, त्याच कामासाठी तुम्ही ते वापरले, मग कलावंताला मोबदला का नको, हा त्यामागचा विचार.

आता हाच खटला भारतात असता तर? निर्मात्याचा वकील उठून कलम ५२ (१) (यू) वाचून दाखवेल आणि म्हणेल, केवळ पार्श्वभूमी. म्हणजे ज्या शब्दांच्या जोरावर आम्ही आजीचा फोटो वाचवतो, त्याच शब्दांच्या आडून कोणी बडा निर्माता रिंगगोल्डसारख्या बाईची गोधडी फुकट टांगू शकतो. आपल्या मते फरक स्पष्ट आहे. जे भिंतीवर होते ते दिसणे वेगळे, आणि सेट सजवायला निवडून आणून टांगणे वेगळे. पण आपल्या कायद्याच्या शब्दांत हा फरक लिहिलेला नाही. तो लिहून घ्यावा, अशी आमची मागणी असायला हवी. अपवाद हवाच, पण साक्ष नोंदवणाऱ्याला. सजावट करणाऱ्याने पैसे द्यावेत.

यादीतले ११ आक्षेप आम्ही मोजले तर नऊ फोटो-चित्रांचे होते, एक टी-शर्टवरच्या छापील चित्राचा होता आणि एक गाण्याचा. आमच्या एलएलबीवाल्याने निकाल दिला, "दहा जिंकलो, अकरावं हरलो."

गाणे चौदाव्या मिनिटाला आहे. १४ एप्रिलची मिरवणूक, डीजेवर भीमगीत, आणि तिसरी आजी पदर खोचून नाचते आहे. गाणे आम्ही लावलेले नाही, ते रस्त्यावर वाजत होते. फोटो जसा भिंतीवर होता तसेच. पण (यू) खंडात फक्त कलाकृती आहेत, आणि त्या व्याख्येत संगीत नाही. आपण हे शब्द इंग्लंडच्या १९५६ च्या कायद्यातून जवळजवळ जसेच्या तसे घेतले. इंग्लंडने १९८८ ला ते बदलले आणि आनुषंगिक समावेशाची सूट सर्व प्रकारच्या कृतींना दिली, फक्त मुद्दाम घातलेले संगीत वगळले. आपण २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती केली, ही जागा मात्र तशीच राहिली. बातमी म्हणून दाखवली तर चालू घडामोडींच्या वृत्तांकनाची सूट मागता येते, तिचा आधार वेगळा. माहितीपटाला ती लागू होईल का यावर वाद होऊ शकतो, आणि वाद करायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात.

यूट्यूबवर तर वादालाही जागा कमी. तिथे यंत्र गाणे ओळखते आणि व्हिडिओचा आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडवला जातो. यंत्राला कलम ५२ माहीत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ओकलंडला वर्णद्वेषी पोलिसी हिंसेविरुद्ध आंदोलन करणारे लोक एका पोलिसाचे चित्रीकरण करत होते, तर त्या पोलिसाने खिशातल्या फोनवर टेलर स्विफ्टचे गाणे लावले. कशासाठी? तर व्हिडिओ यूट्यूबवर टिकू नये म्हणून, आणि हे त्याने बोलूनही दाखवले. आता आपल्या जयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले आणि त्याच वेळी डीजे चालू असला, तर पुरावा म्हणून टाकलेला व्हिडिओ मुका होऊ शकतो. कार्यकर्त्यांनी मूळ फाईल जपून ठेवावी. अपलोड केली म्हणजे जपली असे समजू नये.

गाण्याच्या बाबतीतही दुसरी बाजू आहेच. वामनदादा कर्डक २००४ ला गेले. कायद्याने त्यांच्या शब्दांवरचे हक्क २०६४ अखेरपर्यंत आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणालाही लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली. तेव्हा "आपलीच गाणी, आपणच वापरणार, कसली परवानगी" असे आम्ही म्हणत होतो ते फारसे बरोबर नव्हते. शाहिराच्या घरी दोन पैसे जात असतील तर ते आम्ही का अडवावेत? फक्त ते शाहिराच्या घरी जातात की कॅसेट कंपनीच्या, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे. आमच्या गाण्याची परवानगी मागितली तर कंपनीने सांगितलेली रक्कम आमच्या पूर्ण खर्चाहून जास्त होती. त्या ४० सेकंदांचा आवाज आम्ही बंद केला. आजी निःशब्द नाचते. पहिल्या प्रदर्शनाला तिने विचारले, "गाणं कुठं गेलं रं?" आम्ही कलम ५२ समजावून सांगितले नाही. "मशीन बिघडलं आज्जी" म्हणालो. त्याची अजून लाज वाटते.

राहिले पोस्टर. पोस्टरवर पहिली आजी वस्तीच्या कमानीजवळच्या भिंतीसमोर उभी आहे आणि मागे निळ्या कोटातले बाबासाहेब, हातात संविधान. आम्ही समजलो होतो, भिंत सार्वजनिक, प्रश्न मिटला. तर नाही! (यू) खंड चित्रपटासाठी आहे. पोस्टर म्हणजे छायाचित्र, त्याला (टी) खंड, आणि (टी) मध्ये सार्वजनिक जागेतले शिल्प आहे, कारागिरीची वस्तू आहे, पण रंगवलेले चित्र नाही. म्हणजे चौकातल्या पुतळ्याचा फोटो बिनधास्त छापा, भिंतीवरच्या चित्राचा छापायचा तर विचारा. कोणाला? तर ज्याने काढले त्याला.

ज्यांनी काढले ते पेंटर मामा आमच्या वस्तीतलेच. लहानपणापासून आम्ही त्या भिंतीखाली क्रिकेट खेळलो आणि कोणी काढली हे माहीत असूनही कधी त्यांना कलावंत म्हटले नाही. आम्ही कागद घेऊन गेलो, तर मामा हसायला लागले. "अरे, माझ्याकडं परवानगी मागणारे तुम्ही पहिले." मग त्यांनी सांगितले. दोन वर्षांपूर्वी एका वेबसिरीजवाल्यांनी त्या भिंतीसमोर शूटिंग केले. मामांना चहा-बिस्कीट दिले आणि त्यांची सायकल बाजूला घ्यायला सांगितली. नंतर भाच्याने शहरातल्या एका होर्डिंगचा फोटो पाठवला. हिरो पुढे, मागे मामांची भिंत. चित्रीकरण कायद्यात बसते. होर्डिंग बसत नाही, असे आमचे मत. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका भित्तिचित्राचा असा वापर एका विमा कंपनीने केल्याचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने प्रथमदर्शनी ती जाहिरातच मानली आणि कंपनीला समाजमाध्यमांवरच्या पोस्ट काढायला लावल्या. मामांना आम्ही हे सांगितले. नोटीस पाठवायची का यावर ते अजून विचार करत आहेत.

त्यातही एक गाठ आहे. कलम १७ म्हणते, मोबदला देऊन चित्र काढून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक काढून घेणारा. जयंती कमिटीने रंगाचे पैसे दिले होते, मजुरी मामांनी घेतली नव्हती. मग मालक कोण? आमच्यात तीन मते पडली. रंगाचे पैसे म्हणजे मोबदला नव्हे असे आमच्यातल्या तिघांना वाटते, मलई खाणाऱ्या निर्मात्याला अर्थातच उलट वाटेल. पण मालकी कोणाकडेही गेली तरी कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे असे सांगण्याचा, आपले नाव मागण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. वस्तीवस्तीत निळ्या कोटातले बाबासाहेब उभे आहेत. ते रंगवणाऱ्या आणि घडवणाऱ्या किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? वेबसिरीजवाल्याने नाव दिले नाही हे खरे. आम्ही तरी कुठे दिले होते?

वाहिनीचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. फोटो राहू देत, मात्र काही झाल्यास जबाबदारी तुमची, असे लिहून द्या. आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या. आजीचा फोटो आहे तसा दिसला.

पोस्टरसाठी मामांनी पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा कॅमेरावाली मैत्रीण त्यांच्याशी चांगलीच भांडली. फुकट घेतले तर आम्ही आणि तो वेबसिरीजवाला सारखेच, असे तिचे म्हणणे. शेवटी १,५०१ रुपये आणि नाव यावर मिटले. नाव खाली उजव्या कोपऱ्यात टाकले. मामांनी पोस्टर हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, कोटाचा निळा रंग छपाईत फिका आलाय. भिंतीवरचाही उडत चालला आहे, ओल खालून वर चढते आहे. १४ एप्रिलच्या आत घासून पुन्हा रंगवावी लागेल, चार दिवसांचे काम आहे, आणि शिडी धरायला कोणीतरी पाहिजे.